आप्पा शिवलकरांची समगती

"हातखंबा सोडला की थेट लांजे! मध्ये पायाचा अंगठासुद्धा हलवणार नाही! मागे टेबलावरच्या पेल्यातले पाणी थरथरले तर मिशी उतरवीन!"

मांडवीच्या आळीत, आपल्या नव्या घरगाडीच्या पायरीवर उभे राहून आप्पा शिवलकरांनी ही प्रतिज्ञा केली आणि जमलेल्या शेजाऱ्यांनी ती आदराने ऐकली. खरे सांगायचे तर तो आदर प्रतिज्ञेपेक्षा गाडीचा अधिक होता. जिच्या पोटात शेगडी आहे, पलंग आहे, न्हाणीघर आहे, अशी मोटार आळीने प्रथमच पाहिली होती. लोक तिला 'आप्पांचा बंगला' म्हणत.

आप्पांचे आयुष्य मालवाहू बोटींवर गेले. खलाशी म्हणून चढले, खलाशांचे म्होरके म्हणजे सारंग होऊन उतरले. साऱ्या पृथ्वीला वळसा घातला, पण सगुणाबाईंना कधी कोल्हापूरलाही नेणे झाले नाही. निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने एकच ध्यास घेतला: हिला घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने कन्याकुमारीपर्यंत जायचे. दोघांनीच! त्या एका इच्छेपोटी त्यांनी ही गाडी घेतली. सगुणाबाईंनी मात्र अजून होकार दिला नव्हता.

"आधी लांज्याला नेऊन दाखवा," त्या म्हणाल्या होत्या. "रसिकाच्या ईशाचा साखरपुडा आहे. माझ्या बहिणीकडे, माझ्या माणसांत नीट नेलंत, तर बघू."

आपल्याकडे 'बघू' या शब्दात नकाराचा अंश बारा आणे असतो, हे आप्पा जाणून होते. उरलेल्या चार आण्यांवर त्यांची सारी भिस्त होती.

आणि भिस्त होती क्रूझ कंट्रोलवर! हे यंत्र म्हणजे साक्षात स्थितप्रज्ञ. एकदा गती ठरवून दिली की चढ आला म्हणून ते खिन्न होत नाही, सपाटी आली म्हणून हर्षभरित होत नाही. ब्रेकला पाय लागला, तरच त्याची समाधी भंगते. बोटीच्या सुकाणूवर वर्षे काढलेल्या माणसाला हा स्वभाव मनापासून भावला. समुद्रात एकदा धरलेला वेग कोणी उगाच मोडत नाही.

हातखंब्याच्या पुढे रस्ता मोकळा लाभला. आप्पांनी साठाची गती धरली, कळ दाबली आणि पाय काढून घेतला. चाकावर हात आणि रस्त्यावर दृष्टी ठेवून ते गुरगुरले, "पाणी बघ, पाणी! हलतंय?"

मागे पट्टा बांधून बसलेल्या सगुणाबाई, आज्ञेप्रमाणे, पेल्याकडे एकटक पाहत होत्या. "नाही हो. पण मी किती वेळ पाणी बघू? माणूस खिडकीतून बघतो बाहेर!"

"बाहेर रोजच असतं. हे बघ!"

रस्त्याच्या कडेला टोपली घेतलेल्या एका बाईने हात वर केला. आप्पांनीही, एक हात चाकावर ठेवून, दुसऱ्याने मोठ्या डौलात सलाम केला. समुद्रात समोरून जहाज आले की परस्परांना अभिवादन करून पुढे जायचे, हीच त्यांना ठाऊक असलेली सभ्यता. काही अंतरावर छत्री काखेत धरलेल्या एका गृहस्थाने हात केला. आप्पांनी त्यालाही मान लववून सलाम केला.

"काय मान देतात गं लोक गाडीला!" ते सद्गदित होऊन म्हणाले.

पालीच्या थांब्यावर तर कहर झाला. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा आणि खांद्यावर फणस घेतलेला एक मनुष्य चक्क रस्त्यापर्यंत पुढे आला आणि त्याने मोकळा हात पूर्ण उंच केला. असा सत्कार आप्पांच्या वाट्याला कुठल्याही बंदरात आला नव्हता! त्यांनी सलाम केला, वर हॉर्नही वाजवला, आणि साठाच्या गतीने बंगला पुढे निघून गेला.

नेमकी तेव्हाच सगुणाबाईंची नजर पेल्यावरून ढळली.

"अहो! अहो, तो दादू!"

"कोण दादू?"

"कोण म्हणजे? माझा थोरला भाऊ! लग्नात तुमचा कान पिळला तो!"

"असं होय! तरीच ओळखीचा वाटला. केला की मी सलाम."

"सलाम? अहो, त्यानं गाडी थांबवायला हात केला! साखरपुड्याला निघालाय तो! थांबवा!"

आप्पा क्षणभर घुटमळले. पण ब्रेकला पाय लावला तर सारी समगती धुळीला मिळणार! मोह वाईट. मोठमोठ्या तपस्व्यांना जो टळला नाही, तो सारंगाला कसा टळावा? "मागून एसटी असेलच," ते म्हणाले. "भेटेल लांज्याला."

मागे सगुणाबाईंनी पेल्यातले पाणी शांतपणे पिऊन टाकले. आप्पांना वाटले, तहान लागली असेल.

मोटार साठाने धावत होती. वार्ता तिच्याही पुढे धावली. लांज्यास दाराशी रसिका औक्षणाचे तबक घेऊन नव्हे, फोन घेऊन उभी होती.

"या भावोजी! लागली का बोट धक्क्याला? दादू परत घरी गेला. म्हणतो, मेहुण्यानं भर रस्त्यात सलाम ठोकला नि फणसासकट मला सोडून गेला. आता पायघड्या घातल्यात तरी येणार नाही. अहो, मामाशिवाय पोरीला पाटावर बसवू कशी? व्याही येऊन बसलेत!"

सगुणाबाई पायरीवरच थांबल्या. "दादू येईपर्यंत मी आत येत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचेच आप्पांना अधिक भय वाटले. "आणि ती कन्याकुमारी विसरा."

आप्पा उलट पावली पालीला गेले. या वेळी ॲक्सिलरेटरवर पाय एकसारखा दाबलेला होता!

दादू अंगणात बसला होता. शेजारी फणस. समोर टोपली ठेवून कमला कोळीण सुपारी कातरत होती.

"हा बग, आला सलामवाला!" ती म्हणाली. "हातखंब्याला मला पन ठोकला. मी म्हटलं, माजा घोव मिल्ट्रीत नव्हता, मग सलाम कसला? शेवटी टेम्पो धरून आले हितं."

"दादू, चुकलो," आप्पा म्हणाले. "मला वाटलं, लोक गाडीचं कौतुक करतायत."

"भावोजी, कौतुक घरात बसून करतात. रस्त्यात हात करतात तो थांबण्यासाठी!"

"मान्य. पाया पडू?"

"पाया नको. येतो. पण मी पुढं बसणार, नि मी सांगीन तिथं गाडी थांबणार."

आप्पांनी ही अट शिरोधार्य मानली. मग काय विचारता! कमला टोपलीसह पलंगावर विराजमान झाली. पुढे छत्रीवाले गृहस्थ भेटले. ते दादूच्या ओळखीचे महेंद्र गुरुजी निघाले. पालीपर्यंत एसटीने येऊन ते पुढच्या गाडीची वाट पाहत होते. "मघाशीही आपली भेट झाली होती," एवढेच ते सौजन्याने म्हणाले आणि आप्पा कानापर्यंत लाल झाले. मग काजूची पोती घेतलेले दोघे, मग माहेरी निघालेली एक लेकुरवाळी. दर हाताला ब्रेक! बंगल्यात हसणे-खिदळणे, बाळाचे रडणे आणि टोपलीतल्या बांगडा मासळीचा वास यांनी दाटी केली. आप्पा गाडी हाकत राहिले, आणि का कोण जाणे, त्यांना ते वाईट वाटेना.

मामा आले, ईशा पाटावर बसली, साखरपुडा यथासांग झाला.

जेवणे आटोपल्यावर आप्पा मागील दारी सगुणाबाईंजवळ गेले. "गाडी विकून टाकतो," ते म्हणाले. "मला जमिनीवरचं काही कळत नाही."

सगुणाबाई हात पुसत बसल्या.

"तुम्ही बोटीवर होतात ना, तेव्हा आपल्या लहानग्या सर्वेशला डॉक्टरकडे न्यायला मी अशीच रस्त्यावर हात करून उभी राहायची. ट्रकवाला, टेम्पोवाला, कुणी ना कुणी थांबायचं. एकानं तर भाताची पोती उतरवून जागा केली. असं चाललं तुमचं घर. आणि आज माझ्याच दारातली गाडी कुणासाठी थांबली नाही, म्हणून जीव तुटला."

इतक्या वर्षांच्या वाटचालीत आपल्यामागे किती अनोळखी माणसे थांबली, याचा हिशेब आप्पांनी कधी केलाच नव्हता.

"पण विकू नका," सगुणाबाई म्हणाल्या. "दुसऱ्या खेपेला थांबलात ना सगळ्यांसाठी? दादूनं सांगितलं. येते मी कन्याकुमारीला."

आप्पांचे डोळे भरून आले! "खरंच? मग पुढच्या महिन्यात निघू. तू पुढं, माझ्या शेजारी बस. समुद्र दिसेल."

"छे! पुढं दादू बसणार. त्याला हात केलेली माणसं दिसतात. रसिका नि मी मागं. कमला म्हणाली, वाटेत मासळी मीच निवडून घेईन. गुरुजींना मी विचारून ठेवलंय."

"अगं, पण... आपण दोघं?"

"आहोत की आपण दोघं!" सगुणाबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "तुम्ही चालवायचं, मी चहा करायचा. तेवढा मात्र गाडी थांबल्यावर!"