नियतीचं हसू आणि नगाऱ्याचे दोन ठोके

"चित्रपट बघायलाच हवा असं कुणी सांगितलं? कान असले की पुरे!"

हे वाक्य ढँणने वाचनालयाच्या बाईंना ऐकवलं. तेही त्यांच्याच समोरच्या खुर्चीत बसून, पायावर पाय टाकून! गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला 'उपस्थित' म्हणायचं झालं तरी ही मुलगी निम्मी बाकाखाली जायची. पण मध्यंतरी शाळेच्या भित्तिपत्रकावर तिचं एक चित्रपट परीक्षण लागलं आणि त्यापुढे साक्षात मुख्याध्यापक थांबले. (ते चष्मा पुसायला थांबले होते, असं तिच्या मैत्रिणीचं म्हणणं. पण मैत्रिणींचं काय घेऊन बसायचं!) त्या दिवशी ढँणला जो कंठ फुटला, तो मिटायचं नाव घेईना.

ढँण हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी घरात कुणी आलं, की ती तोंडाने पार्श्वसंगीत द्यायची. बाबा दाढी करून बाहेर आले, "ढँढँण!" आईने कुकर उघडला, "ढँढँढँण!" एकदा शेजारच्या काकू शिडी मागायला आल्या, तेव्हा तिने अशी काही गूढ सुरावट लावली, की काकू शिडी न घेताच परत! नाव तिथेच चिकटलं. आता ती मोठी झाली होती, 'चाणाक्ष कान' या टोपणनावाने लिहीत होती. पण घरच्यांना टोपणनावाची काय कदर?

तर भानगड अशी होती. वाचनालयाच्या मागच्या दालनात दर महिन्याला एक जुना चित्रपट दाखवत आणि त्याआधी एक पत्रक काढत. त्या पत्रकात परीक्षण लिहिणारे प्राध्यापक मुलाकडे कायमचे राहायला गेले आणि सदर रिकामं पडलं. ओट्यावरच्या दुधावर मांजराचा नसेल इतका त्या सदरावर ढँणचा डोळा होता!

"अगं, पण या वेळचा चित्रपट कुठेच मिळत नाही," बाई म्हणाल्या. "आपल्याकडे येईल तोसुद्धा खेळाच्याच दिवशी. न बघता लिहिणार कशी?"

"पार्श्वसंगीतावर लिहिते! आमच्या घरी कॅसेट आहे त्याची."

बाईंनी चष्म्यावरून तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "बरं. लिही. खेळाआधी चार शब्द बोलायचंही आहे. जमलं, तर सदर तुझं. नाही जमलं तर..."

"नाही जमलं म्हणजे काय असतं, बाई?"

कॅसेट आजोबांच्या कपाटात होती. गाण्यांच्या बाकीच्या कॅसेटी हॉलमधल्या फळीवर धूळ खात पडलेल्या, पण ही एकटीच मोज्यांच्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळलेली! वर आजोबांच्या अक्षरात चित्रपटाचं लांबलचक नाव. त्यात 'अश्रू' होतेच. त्या काळी अश्रूंशिवाय चित्रपट पडद्यावर लागतच नसत बहुतेक. ढँणने माळ्यावरचा टेपरेकॉर्डर काढला, कानांवर हेडफोन चढवले, डोळे मिटले आणि बटण दाबलं.

आणि काय सांगू तुम्हाला!

आवाज असा, जणू कुणी विहिरीच्या तळाशी वाद्यवृंद बसवलाय. व्हायोलिनं कळवळतायत. नायिका हुंदके देतेय. आणि नेमकं त्याच क्षणी एक बाई खळखळून हसली! पाठोपाठ नगाऱ्याचे दोन ठोके. धुप्प! धुप्प!

ढँण ताडकन उठून बसली. तिने कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकली. पुढे नायक तुरुंगात गेला. व्हायोलिनं धाय मोकलून रडली. पुन्हा ती बाई हसली, आधीपेक्षा जोरात! धुप्प! धुप्प! शेवटी नायक-नायिकेची ताटातूट झाली, तेव्हा तर त्या बाईला हसू आवरेचना. नगारा नुसता बडवला जात होता!

"कळलं!" ढँण एवढ्या जोरात ओरडली, की स्वयंपाकघरात आईच्या हातून झारा पडला. "ती नियती आहे, नियती! माणसाच्या दुःखाला हसणारी!"

"आधी ते माळ्यावरचं सामान परत ठेव," नियतीऐवजी आईनेच उत्तर दिलं.

मग काय, लेखणी सुसाट सुटली! मध्येच ऐकू येणारी कुरकुर म्हणजे नायिकेच्या पायाखालचा पाचोळा. कुठेसं रडणारं तान्हं मूल म्हणजे नायकाचं हरवलेलं बालपण. एक खुर्ची धाडकन आपटल्यासारखा आवाज म्हणजे बंद होणारं तुरुंगाचं दार. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे नियतीचं हसू! असा संगीतकार शतकातून एखादाच होतो, असं लिहून तिने खाली दोनदा रेघ मारली.

तरी पुरावा हवा म्हणून ती आजोबांकडे गेली. आजोबा गॅलरीत बुटांना पॉलिश करत होते. आजी घरी नव्हती, रोजचं शब्दकोडं अर्धवट टाकून दंतवैद्याकडे कवळी घट्ट करून घ्यायला गेली होती. या कवळीचं एक प्रकरणच होतं. ढँणला धड बोलताही येत नव्हतं तेव्हा ती नवी आली आणि आठवडाभरातच, आजी मनमोकळं हसली म्हणून, थेट पाहुण्यांच्या चहात जाऊन पडली! तेव्हापासून आजी ओठ घट्ट मिटून हसायची. आवाज नाही, काही नाही, नुसते खांदे गदगदायचे.

"आजोबा, ती मोज्यांच्या खणातली कॅसेट मी ऐकली."

आजोबांचा ब्रश थांबला. "ऐकलीस? सगळी?"

"त्यातलं ते हसणं..."

"हां, ते हसणं!" आजोबांचा चेहरा बुटापेक्षा जास्त चमकला. "बाकी काही नाही गं त्या टेपमध्ये. त्या हसण्यापायीच तर ती जपली मी एवढी वर्षं."

झालं! ढँण धावत खोलीत गेली आणि परीक्षणात तिने भर घातली: 'त्या काळच्या जाणकार रसिकांनी केवळ या हास्यासाठी ही ध्वनिफीत जिवापाड जपली.'

खेळाच्या दिवशी दालन भरून गेलं. पत्रक सगळ्यांच्या हातात होतं, कुणी वाचत होतं, कुणी वारा घेत होतं. आई-बाबा मधल्या रांगेत. आजी-आजोबा उशिरा आले आणि मागे दाराजवळ बसले. ढँण माइकपुढे उभी राहिली. पूर्वीची ढँण असती, तर माइकच्या मागे लपली असती. पण आता?

"रसिकहो! आज डोळे नाही, कान उघडा! नायिका रडेल आणि तुम्हाला ऐकू येईल एका अदृश्य स्त्रीचं हसू. ती नियती! तिच्या हसण्यावर पडतील नगाऱ्याचे दोन ठोके. ते काळाचे! लक्ष ठेवा, ही जागा चुकवू नका!"

मागे आजोबा एकाएकी उभे राहिले आणि दोन्ही हात हलवू लागले. बिचारे, किती कौतुक! ढँणनेही हात हलवला. आजोबा आणखी जोरात हलवायला लागले. शेवटी आजीने त्यांना कोट ओढून खाली बसवलं.

दिवे मालवले. चित्रपट सुरू झाला. ढँण पहिल्या रांगेत, बाईंच्या शेजारी. नायिका खिडकीशी उभ्या नायकापाशी आली. व्हायोलिनं कळवळली. अश्रू गालावर आले. अख्ख्या दालनाने कान टवकारले. आता!

काही नाही.

नुसती व्हायोलिनं.

"तिसऱ्या ओळीत तू लिहिलंयस, इथे हसते म्हणून," बाई कुजबुजल्या.

"पुढे... पुढे हसते, बाई."

पाचोळा वाजला नाही. तान्हं मूल रडलं नाही. तुरुंगाचं दार तर दारच नव्हतं, नुसता रंगवलेला पडदा होता. "कुठाय नियती?" मागून कुणीतरी विचारलं. "चहाला गेली असेल!" दुसऱ्याने उत्तर दिलं. ढँण खुर्चीत घसरत घसरत खाली जाऊ लागली. सदर गेलं, 'चाणाक्ष कान' गेला, उद्यापासून पुन्हा बाकाखाली!

तेवढ्यात ताटातुटीचा प्रसंग आला. नायकाचा चेहरा पडदाभर झाला. डोळ्यांत पाणी, ओठ थरथरतायत, आणि... ढँणने डोळे चोळले. नायकाच्या मिशीचं डावं टोक सुटलं होतं! तो जसजसा हुंदका देई, तसतसं ते टोक दारातल्या पायपुसण्याच्या कोपऱ्यासारखं वर उचललं जाई. मिशी खोटी होती!

आणि अंधारात मागून एक हसू फुटलं.

खळखळ, खळखळ! विहिरीच्या तळाशी नाही, इथे, याच दालनात! पाठोपाठ, धुप्प! धुप्प!

"आलं, आलं! हेच ते!" कुणीतरी टाळी वाजवली आणि अख्खं दालन टाळ्या वाजवू लागलं. ढँण उडी मारून उठली. जिंकले! ती वळली. पडद्याच्या उजेडात तिला दिसलं, मागे दाराजवळ आजी पोट धरून, तोंड सताड उघडं टाकून हसतेय, आणि आजोबा एका हातात तिची कवळी रुमालात धरून, दुसरा हात तोंडावर ठेवून खोकतायत. खॉक! खॉक!

नियती तिच्याच घरात शब्दकोडी सोडवत होती! आणि काळ बुटांना पॉलिश करत होता!

बाईंनी दिवे लावायला सांगितले.

"माझी नाही हो चूक," आजी बोळक्या तोंडाने म्हणाली, "त्याची मिशी सुटलेली! तेव्हाही सुटलेलीच होती! लोकं रडत होती आणि मला पहिल्या हुंदक्यापासून तेवढीच दिसत होती. आज किती धरून ठेवलं मी, विचारा यांना!"

"मग ती कॅसेट?" ढँणने विचारलं.

आजोबा ओशाळले. "नवा टेपरेकॉर्डर घेतला होता मी. या चित्रपटाच्या गाण्यांची कॅसेट मिळेना, म्हणून पिशवीत घालून थिएटरातच नेला आणि मांडीवर ठेवला. हिच्याबरोबर पहिल्यांदाच बाहेर पडलो होतो. लग्न ठरायचं होतं अजून. मी आपला गंभीर माणूस, आणि ही बाई रडायच्या जागी हसतेय! लोक वळून बघू लागले, म्हणून मी वरून खोकत राहिलो. घरी येऊन लावली, तर एक गाणं धड नाही. हिचं हसणं तेवढं आलेलं." त्यांनी रुमालातली कवळी आजीच्या हातात दिली. "ती कवळी आल्यापासून तर हे हसू तिथेच ऐकायचं, मोज्यांच्या खणात. आज मागून 'नको बोलूस' म्हणून एवढे हात केले, ढँणाबाई! तू उलट मलाच हात केलास!"

आजीने कवळी लावली नाही. ती तशीच, बोळक्या तोंडाने, आजोबांकडे बघत राहिली. "वेडे आहात," ती म्हणाली. "मागितलं असतं, तर हसले नसते का?"

मधल्या रांगेत आई नाक ओढत होती. ढँणचेही डोळे भरून आले. आणि नेमकं त्याच क्षणी बाईंनी कोरड्या आवाजात विचारलं, "मग पाचोळा कसला होता?"

"खाऊची पुडी," आजोबा म्हणाले.

पुढच्या महिन्याच्या पत्रकात सदर छापून आलं. होय, ढँणचंच! बाई म्हणाल्या, कान चांगला आहे, पण यापुढे चित्रपट बघून लिहायचं. ढँण पत्रक घेऊन वाचनालयातून घरापर्यंत पळत सुटली. जिन्यात तिने ते उघडलं. वर ठळक अक्षरात छापलं होतं: 'या खेळाला आजी-आजोबा जोडप्याने उपस्थित राहतील, रसिकांनी लवकर जागा धरावी.' आणि त्याखाली, बारीक टायपात: 'परीक्षण: ढँण.'

'चाणाक्ष कान' कुठेच नव्हता! त्या दिवशी आजोबांनी भर दालनात 'ढँणाबाई' म्हटलं होतं आणि बाईंनी तेवढंच नेमकं ऐकलं होतं.

तिने पत्रक पाठीमागे लपवलं आणि कुणाच्या नजरेस न पडता खोलीत सटकायचं ठरवलं. दार हळूच ढकललं. समोर आजी बसली होती, कवळी वाटीत, तोंड मोकळं.

"ढँढँण!" आजी म्हणाली.

आणि गॅलरीतून दोन ठोके पडले. खॉक! खॉक!