तळ्याकाठची विनापरवाना धाव

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता श्रीमती हिलरी पेनक धावता धावता थांबल्या. बाब किरकोळ वाटेल, पण गेल्या बावीस वर्षांत असं घडलं नव्हतं. नेदर अ‍ॅम्ब्री गावच्या चर्चपासून निघायचं, बीच वृक्षांच्या झाडीतला चढ चढायचा, तळ्याला वळसा घालायचा, आठशे वर्षांपूर्वीच्या पडक्या मठाच्या कमानीखालून निघायचं आणि घरी येऊन चहा टाकायचा, असा साडेचार मैलांचा त्यांचा रोजचा नेम होता. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झाल्या, गुडघा कुरकुरायला लागला, तरी नेम चुकला नव्हता.

त्या सोमवारी झाडीच्या तोंडाशी नवं फाटक होतं, फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाशेजारी पाटी होती. ‘खासगी जागा. शांतता शिबिर चालू आहे. धावणाऱ्यांच्या श्वासोच्छ्वासामुळे पाहुण्यांच्या श्वासोच्छ्वासात व्यत्यय येतो.’

हिवाळ्यात म्हातारे सर जॉस्लिन वारले, आणि तळं, झाडी, मठ धरून त्यांची सगळी जहागीर पिअर्स हॉलंडर नावाच्या गृहस्थांनी विकत घेतली. आता तिथे लंडनहून लोक चार चार दिवस गप्प बसायला येत. नुसते येत नव्हते, तर आधी नाव नोंदवून रांगेत थांबत होते. नाही तरी गप्प बसायला हल्ली शिकवणी लागतेच.

हिलरीबाईंना फाटकापाशी रडू आलं. तसं ते सहजी येत नसे. पण नवरा, लेन, गेला त्या वर्षी घर खायला उठायचं, तेव्हा या वाटेनंच त्यांना उभं ठेवलं होतं. दिवसातला तो एक तास गेला, तर उरलेल्या तेवीस तासांचं काय करायचं, हे त्यांना खरंच माहीत नव्हतं.

त्या घामेजल्या अंगानं तशाच ग्रामपंचायतीत गेल्या. तिथले कारकून मर्विन गॅड्सबी यांना वहिवाटीचा कायदा तोंडपाठ होता आणि तो कुणी कधी विचारत नाही याचं त्यांना दुःख होतं.

“अगं, रडतेस काय,” मर्विन म्हणाले. “कायदा आपल्या बाजूनं आहे. खासगी जमिनीतून लोक सलग वीस वर्षं गेले, की ती वाट लोकांची. अटी तीनच. जबरदस्तीनं जायचं नाही, चोरून जायचं नाही आणि परवानगी घेऊन जायचं नाही.”

“जबरदस्ती कसली, मला बरणीचं झाकण उघडत नाही.”

“चोरून?”

“हा शर्ट घालून?” शर्ट नारिंगी होता, पलीकडच्या गावातून दिसेल असा.

“झकास. परवानगी तर घेतली नसशीलच.”

रोज दात घासतेस का, असं कुणी विचारावं तसं हिलरीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. “म्हणजे काय? रोज घेतली. सर जॉस्लिन कुत्री घेऊन तळ्यावर असायचे. मी विचारायचे, ‘माझी अडचण नाही ना होत?’ ते म्हणायचे, ‘छे छे, खुशाल जा.’ मग मी आभार मानायचे. दुसऱ्याच्या जमिनीतून जायचं आणि विचारायचंही नाही? आईनं काही वळण लावलंय मला.”

मर्विननी पेन खाली ठेवलं.

“शिवाय दर नाताळात आभाराचं कार्ड,” हिलरीबाई म्हणाल्या, “आणि संत्र्याच्या मुरांब्याची बरणी.”

“म्हणजे लेखी?”

“मग कार्ड काय तोंडी देतात?”

“हिलरी, तू घात केलास,” मर्विन म्हणाले. “मालकाला न विचारता, तोंड वर करून बावीस वर्षं गेली असतीस, तर वाट आज तुझी होती. तू विचारलंस, त्यांनी हो म्हटलं. संपलं. तू त्यांची पाहुणी ठरलीस. पाहुण्याला कसला आलाय हक्क?”

तरी एक आशा होती. गावात धावणारे आणखी तीस जण होते. मर्विननी सर्वांना छापील पुरावा-अर्ज वाटले. आठवड्यात तीसच्या तीस परत आले, सुवाच्य अक्षरात, दिलगिरीच्या चिठ्ठीसह. रकाना चौदा असा होता: ‘आपण जमीनमालकाची परवानगी कधी मागितली होती काय?’ तिसांनीही छातीठोकपणे ‘अर्थातच’ असं लिहिलं होतं. दोघांना तर प्रश्नच अपमानास्पद वाटला होता. धर्मगुरूंनी परवानगी दर वर्षी नव्यानं घेतली होती आणि एकदा, घरटं वाटेवर होतं म्हणून, हंसांचीही माफी मागितली होती.

आता गावाला एका उर्मट माणसाची गरज होती. गावच्या मासिकात निवेदन छापलं: ‘गेली वीस वर्षे तळ्याकाठून उद्धटपणे गेलेल्या रहिवाशांनी कृपया संपर्क साधावा.’ कुणी आलं नाही. असा माणूस कोण, हे प्रत्येकाला माहीत होतं, पण नाव घेणं बरं दिसलं नसतं. शेवटी मर्विन आणि हिलरीबाई केक घेऊन क्लाइव्ह टडनम यांच्या घरी गेले. हे गृहस्थ दुसऱ्याच्या दारात गाडी लावत, रांगेत घुसत आणि केक ठेवून घेऊन चहा विचारत नसत.

“म्हणजे मी उर्मट, असं म्हणायचंय तुम्हाला?” क्लाइव्हनी विचारलं.

“तसं नाही हो,” मर्विन घाईनं म्हणाले. “फक्त कायद्यापुरते.”

क्लाइव्हनी आधी दार लावून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे पाहा, बाहेर बोलू नका. मीसुद्धा दर वर्षी त्यांना चिठ्ठी पाठवायचो. आपली परवानगी असावी, कळावे, वगैरे. माझं नाव खराब होईल. आणि खरं सांगू का, मनात काही नव्हतं. लिहायचं म्हणून लिहायचं.”

मर्विन खुर्चीतून उठलेच. “पुन्हा म्हणा.”

“लिहायचं म्हणून लिहायचं.”

झालं. दावा उभा राहिला. विचारलं खरं, पण ते विचारणं नव्हतंच. आभार मानले, पण ते आभार नव्हते. नेदर अ‍ॅम्ब्रीतला माणूस तोंड उघडलं की सौजन्य बोलतो. त्यात अर्थ शोधणं म्हणजे शिंकेत अर्थ शोधणं. तेव्हा परवानगी मागितली गेली नाही, मिळाली नाही, आणि वाट लोकांची आहे. आता फक्त गावानं शपथेवर सांगायचं होतं, की आपण जे चांगलं बोलतो त्यातलं आपल्या मनात काहीही नसतं.

पुढे एका गुरुवारी ग्रामसभागृहात सुनावणी झाली. सरकारनं ऑस्वल्ड ट्रिंडर नावाचे चौकशी अधिकारी पाठवले होते. हॉलंडरांच्या वकिलानं जहागिरीच्या कागदपत्रांत सापडलेली हिलरीबाईंची बावीस कार्डं टेबलावर ओळीनं मांडली. मग साक्षी सुरू झाल्या.

पहिले धर्मगुरू. “मी नव्या कुटुंबांना ‘आमच्याकडे कधीही या’ असं सांगतो,” ते म्हणाले. “कुणी आलंच तर मी मागच्या दारानं बागेत जातो.” पुढच्या रांगेतल्या नव्या कुटुंबानं एकमेकांकडे पाहिलं. शाळेच्या बाईंनी सांगितलं, की ‘मुलगा अगदी वेगळा आहे हो तुमचा’ ही त्यांच्याकडे तक्रार असते. मुलाची आई तिथेच होती. खाटीकदादा म्हणाले, की आपण गिऱ्हाइकांना ‘तुमच्यासाठी म्हणून खास राखून ठेवलं’ म्हणतो, तेव्हा ते आदल्या दिवशीचं असतं. ट्रिंडरसाहेब सगळं लिहून घेत होते आणि दावा क्षणाक्षणाला बळकट होत होता. मर्विन खुशीत हात चोळत होते.

मग मॅव्हिस कॉपिट उठल्या. या हिलरीबाईंच्या जिवाभावाच्या मैत्रीण. अठरा वर्षं दर गुरुवारी दोघी एकत्र धावत.

“माझ्या मैत्रिणीची वाट जाऊ नये, म्हणून सांगते,” मॅव्हिस म्हणाल्या. “मी हिलरीला सांगत आले, की तो नारिंगी शर्ट तुला शोभतो. नाही शोभत. तिचा मुरांबा दर वर्षी वाहवा करून घेते आणि पक्ष्यांना घालते. हल्ली पक्षीही येत नाहीत.” सभागृहात एकच हशा पिकला. मॅव्हिसनी हिलरीबाईंकडे पाहून मान हलवली, बघ, तुझ्यासाठी केलं, अशी.

हिलरीबाई हसल्या नाहीत. त्यांची पाळी शेवटची होती.

वकिलानं एक कार्ड उचलून वाचलं. “‘लेन गेल्याला आज महिना झाला. तुमच्या तळ्यानं मला जगवलं. तुमचे उपकार कसे फेडू?’ हे तुमच्याच हातचं ना, मिसेस पेनक?”

“हो.”

ट्रिंडरसाहेबांनी चष्मा काढला. “हे लिहिताना तसं तुमच्या मनात होतं का?”

हिलरीबाईंना सर जॉस्लिन आठवले. ते कार्ड वाचून म्हातारा दुसऱ्या दिवशी तळ्यावर टोपी हातात घेऊन उभा होता आणि एक शब्द बोलला नव्हता. खरं सांगितलं तर ती वाट जात होती, आणि खोटं सांगितलं तर ती सकाळ जात होती. मर्विन तिकडून डोळ्यांनी खुणावत होते. सगळं गाव त्यांच्याकरता उघडं पडून बसलं होतं.

“नव्हतं,” हिलरीबाई म्हणाल्या. “लिहायचं म्हणून लिहिलं.”

बोलल्या आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की खुर्चीत बसताना मॅव्हिसनी पुढे केलेला हातही त्यांनी घेतला नाही.

सहा आठवड्यांनी निकाल आला. ‘उपलब्ध पुराव्यावरून नेदर अ‍ॅम्ब्री येथील रहिवाशांनी विहित कालावधीत उच्चारलेली व लिहिलेली सर्व सौजन्यवचने अर्थशून्य असल्याचे निर्विवाद सिद्ध होत आहे. सबब, सदर वाट सार्वजनिक घोषित करण्यात येते. यापुढेही ती वचने अर्थशून्य राहतील याची दक्षता ग्रामपंचायतीने घ्यावी. कसूर झाल्यास प्रकरण पुन्हा उघडण्यात येईल.’ फाटक निघालं. जिथे पाटी होती तिथे बाण लागला. निकालाची प्रत सभागृहाबाहेर लावली होती आणि ती वाचायला आलेली माणसं एकमेकांशी न बोलता निघून जात होती.

पहिल्या सोमवारी हिलरीबाई बाहेर पडल्या. झाडी होती तशी होती. तळ्यावर धुकं होतं. मठाच्या कमानीपाशी वाट अगदी अरुंद होते, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाणी, एकच माणूस जाईल एवढी. समोरून मॅव्हिस येत होत्या. दोघी थांबल्या.

एरवी इथे ‘तू आधी’, ‘छे, तू आधी’ असं मिनिटभर चालायचं आणि मग हसत हसत कुणीतरी भिंतीला चिकटायचं. आज मॅव्हिसनी तोंड उघडलं आणि मिटलं. हिलरीबाईंना विचारायचं होतं, की बाई गं, कशी आहेस? पण हा प्रश्न नाही, हे आता सरकारदरबारी नोंदलेलं होतं. दोघी तशाच उभ्या राहिल्या, समोरासमोर, बराच वेळ. मग दोघी वळल्या आणि आल्या वाटेनं आपापल्या घरी गेल्या. वाट मात्र लोकांचीच राहिली. शिबिराचे पाहुणे खिडकीतून पाहत होते, आणि इतकी शांतता चार दिवसांत कशी साधते, असं त्यांनी हॉलंडरना लेखी विचारलं.

तुम्हाला हसू येत असेल, तर खुशाल हसा. फक्त एक करा. गेल्या रविवारी दारात चपला घालत असलेल्या पाहुण्याला, एक हात कडीवर ठेवून, तुम्ही ‘अहो, जेवूनच जा की’ म्हणालात ना, ते सरकारी अधिकाऱ्यासमोर, शपथेवर, पाहुणा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना, एकदा पुन्हा म्हणून दाखवा.