पिकअपची मान

गाड्यांमधलं मला जेवढं कळतं तेवढं हैदराबादच्या अख्ख्या तारनाक्यात कुणाला कळत नाही, हे मी तारनाक्यात सगळ्यांना सांगून ठेवलं आहे! म्हणूनच साधी कार न घेता मी दांडगा पिकअप घेतला. शेत आमचं परभणीला, तेही वाटेकऱ्याकडे. पण दारात पिकअप असला की माणूस जमीनदार वाटतो.

एकच खोट होती. गाडी मागून उंच, पुढून खाली. समोरच्या हिम्मतरावांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "काय हो, तुमची गाडी अशी मान खाली घालून का उभी? गुन्हाबिन्हा केलाय का?"

झालं! आठवड्यावर धाकट्या बहिणीचं, प्रणिताचं लग्न. परभणीचं वऱ्हाड काचीगुडा स्टेशनवर उतरणार आणि त्यांना कार्यालयात मी आणणार. ते या गाडीतून?

मेकॅनिकला म्हटलं, पुढून उचल, सपाट कर.

"कायकू नै साब! इस्प्रिंग पे चकत्या डाल के दो इंच उठा देतूं. हवाई जहाज के वैसी दिखती!"

"कंपनीनं काही विचार करूनच मागून उंच ठेवली असेल ना?" बायको, शर्वरी, म्हणाली.

"कंपनीला काय कळतंय!"

संध्याकाळी सपाट झालेल्या गाडीच्या हौद्यात काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवून हिम्मतरावांना दाखवला. थेंब सांडला नाही.

लग्नाच्या सकाळी आईनं बजावलं, "चतुराबाईंना जपून आण. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात मानाचा नारळ लहान निघाला म्हणून त्या मांडवात पाऊल टाकेनात. त्या रुसल्या तर माझ्या प्रणिताचा मुहूर्त टळेल."

चतुराबाई म्हणजे प्रणिताच्या होणाऱ्या सासूबाई, आमच्या विहीणबाई. अंगानं भरलेल्या, मानाच्या बाबतीत त्याहून भरलेल्या. त्या मागच्या सीटवर ऐसपैस बसल्या. हौद्यात ज्वारीची पोती, पितळेचे हंडे, त्यांवर वऱ्हाडी. आणि गाडी मागून बसली, पुढून उठली! बॉनेट वर, रस्ता गायब! कंपनीनं मागची उंची ओझ्यासाठी ठेवली होती, हे मला तेव्हा कळलं.

"पाव्हणं," मागून आवाज आला, "मला रस्ता दिसंना. नुसतं आभाळ दिसायलंय."

"हैदराबादचे रस्ते चढाचे आहेत, मावशी."

सिग्नलला एक रिक्षावाला वाकून बघत ओरडला, "भाई, पीछे वजन भोत हो गया!"

मागे चतुराबाई होत्या.

"मला म्हणायलाय व्हय त्यो? थांबवा गाडी!"

नल्लकुंट्याच्या नाक्यावर थांबलो. खरं तर इथेच गप्प बसायचं. पण मला गाड्यांमधलं कळतं ना! "मावशी, तुमच्या वजनाचा संबंधच नाही. उतरून समोर उभ्या राहा. बॉनेट तसूभर हललं तर नाव बदलीन!"

त्या उतरल्या. पण वरमाई पायउतार झाल्यावर वऱ्हाडानं बसून राहायचं, ही काही रीत नव्हे. हौद्यातली सगळी मंडळी धडाधड उड्या मारून उतरली! समोर उभ्या असलेल्या चतुराबाईंना मागचं काय दिसणार? त्यांना एवढंच दिसलं, की आपण उतरलो आणि बॉनेट वाकून नमस्कार केल्यासारखं खाली आलं.

"बरं," त्या म्हणाल्या, "आता नाव काय ठिवायचं तुमचं?"

वऱ्हाड रिक्षांनी गेलं. मी पोती घेऊन मागून पोहोचलो, तर चतुराबाई मांडवाच्या दारात अडून उभ्या. पाणी नको, खुर्ची नको, मांडवात पाऊल नको. मुहूर्ताला जेमतेम पाव तास. आतून प्रणिता माझ्याकडे बघत होती. मला खरंच कुठे तोंड लपवू असं झालं.

"मावशी, तुम्ही म्हणाल तसं करतो," मी हात जोडले.

"आसं? मग जाताना म्या पुढं बसणार. गाडी तुमच्या बायकूनं चालवायची. आन् तुमी मागं, पोत्यावर!"

लग्न लागलं.

परतीला हौद्यात आंदणाचं कपाट, वऱ्हाडी आणि ज्वारीच्या शिल्लक पोत्यावर मी. शर्वरी चालवत होती, शेजारी चतुराबाई. गाडी कार्यालयाच्या फाटकातून निघाली. फाटकात हिम्मतराव उभे होतेच.

तेवढ्यात चतुराबाईंनी खिडकीतून डोकं काढून मागे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं बाई! अजून आभाळच दिसायलंय की! पाव्हण्याचं वजन लई हाय वाटतं!"

गाडीची मान वर होती. मी माझी खाली घातली.