काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे

"सर, स्टेअरिंग का रॅक गया. नया डलेगा. पंप भी साथ में."

फरीदाबादच्या गल्लीत, गाडीखालून नुसते पाय बाहेर ठेवून झोपलेल्या चिराग मेकॅनिकने निकाल दिला आणि समाधान रामटेक्यांच्या काळजात धस्स झालं. पॉवर स्टेअरिंगचं तेल गळतंय हे त्यांना महिन्याभरापासून माहीत होतं. दिल्लीत, द्वारकेतल्या सोसायटीत, त्यांच्या पार्किंगच्या जागी रोज एक लालसर डाग पडायचा आणि वैजयंती खाली यायच्या आत ते रोज त्यावर माती टाकायचे. म्हणूनच तर घराजवळचे तीन मेकॅनिक सोडून, ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ते इतक्या लांब आले होते.

धस्स झालं ते खर्चाने नव्हे. कारण घरी फ्रिजवर चुंबकाने लावलेलं होतं. जानेवारीत गाडी एकाच आठवड्यात दोनदा बंद पडली. दुसऱ्यांदा तर वैजयंतीला, म्हणजे गणिताच्या शिक्षिकेला, भर बाजारात साडी खोचून धक्का मारावा लागला. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "आता काय ते एकदाच ठरवा आणि लिहून द्या." आता रामटेके पडले मंत्रालयातले अवर सचिव. मसुदा करायचा म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. बायकोने एक ओळ मागितली, यांनी पाच कलमं लिहिली. त्यातलं तिसरं असं : 'सदर वाहनास मोठी दुरुस्ती उद्भवल्यास सदर वाहन विनाविलंब विकण्यात यावे.' खाली दोघांच्या सह्या. साक्षीदार म्हणून मुलगी श्रावस्ती. तिने "पप्पा, सदर म्हणजे काय?" असं विचारलं आणि उत्तर यायच्या आत सही केली.

गाडी तेरा वर्षांची होती आणि दिल्लीत पेट्रोलच्या गाडीला पंधरा वर्षांनंतर रस्त्यावर यायची परवानगी नाही. म्हणजे उरली होती दोन वर्षं. पण ती दोन वर्षं रामटेक्यांना हवी होती. गाडी नवी कोरी असताना त्यांचे बाबा, बबनराव, ब्रह्मपुरीहून आले होते. जन्मभर सायकल मारलेला माणूस. त्यांना पुढच्या सीटवर बसवून रामटेक्यांनी इंडिया गेटला फेरी मारली होती. बाबा काच खाली करून, कोपर बाहेर काढून साहेबासारखे बसले आणि म्हणाले, "अजून एक मार ना रे." अशा चार फेऱ्या झाल्या. त्याच वर्षी बाबा गेले. त्या सीटचं कव्हर रामटेक्यांनी अजून बदललं नव्हतं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि करारात तरी कुठल्या कलमात घालणार?

तेव्हा त्यांनी फाईल पुढ्यात आल्यासारखा विचार केला. रॅक बसवणं ही मोठी दुरुस्ती. पण काही बसवलंच नाही तर? नुसतं काढलं तर? काढणे म्हणजे दुरुस्ती नव्हे.

"चिराग, पंप निकाल दो, बेल्ट निकाल दो, पाइप आपस में जोड दो. मॅन्युअल कर दो."

चिराग गाडीखालून पूर्ण बाहेर आला. "हो तो जाएगा सर. पर मॅन्युअल वाला रॅक अलग होता है. ये रहेगा पॉवर वाला ही, बस पॉवर नहीं होगी."

"अरे भाई, तीस साल से यही नौकरी कर रहा हूं," रामटेके म्हणाले.

"खडी गाडी में बहुत भारी लगेगा सर."

"हमारे जमाने में कहां था पॉवर स्टेअरिंग?"

चिरागने खांदे उडवले आणि पंप काढला. तो भंगारात टाकायला निघाला तेव्हा रामटेक्यांनी तो मागून घेतला. सरकारी माणूस निकामी वस्तूसुद्धा रीतसर निर्लेखित झाल्याशिवाय टाकत नाही. घरी आणून त्यांनी तो चिरागच्या पावतीसकट वर्तमानपत्रात गुंडाळला, सुतळीने बांधला आणि बाल्कनीत मनीप्लांटच्या कुंडीमागे ठेवला.

"गाडी बरी झाली का हो?" वैजयंतीने विचारलं.

"एकदम. किरकोळ होतं. एक नट काढावा लागला."

रस्त्यावर गाडी खरंच ठीक चालायची. खरी परीक्षा सोसायटीत. त्यांची जागा दोन खांबांच्या मध्ये होती आणि गाडी उलटी घालावी लागायची. पूर्वी एका बोटाने होणारं काम आता दोन हात, दोन खांदे आणि प्रसंगी दात लावून करावं लागे. गेटवरचा गार्ड समोर उभा राहून उत्साहाने सांगायचा, "काटो सर, और काटो!" रामटेके जागच्या जागी चाकं वळवत राहायचे आणि वर पोचेपर्यंत त्यांचा सदरा घामाने पिळून काढण्याजोगा होई.

तीन आठवडे असे गेले. आधी मनगटं दुखली, मग खांदे. दाढी करताना हात वर जाईना. ऑफिसात फायलींवरची सही इतकी बदलली की हिशोब शाखेने दोन फायली परत पाठवल्या. मलम लावायचं तर वास येणार, म्हणून तेही ऑफिसात नेऊन लावायचे.

मग तो शनिवार उजाडला. रामटेके सकाळी दूध आणायला गाडी घेऊन गेले, परत येऊन खांबांमध्ये ती एकदाची कोंबली, आणि घामाघूम होऊन नाश्त्याला बसले. पोह्यांचा चमचा तोंडापर्यंत नेला आणि डाव्या खांद्यातून अशी कळ आली की चमचा खाली, पोहे मांडीवर, आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर.

वैजयंती जागची उठली. "काय झालं?"

"काही नाही. हात जरा..."

"कुठला हात?"

"डावा."

श्रावस्तीने फोन उघडलाच होता. "मम्मी, लेफ्ट आर्म, स्वेटिंग... पप्पा, जबडा दुखतोय?"

दात लावून गाडी लावल्यामुळे जबडाही दुखत होता. रामटेके खोटं बोलणारे नव्हते, फक्त कलमापुरतं बोलायचे. "थोडासा," ते म्हणाले.

झालं! एकीने डॉक्टरची फाईल घेतली, दुसरीने चपला घातल्या. "अगं, हार्ट नाही गं ते," रामटेके म्हणत होते. "मग काय आहे?" वैजयंतीने विचारलं. आता सांगायचं म्हणजे गाडी विकायची. ते गप्प बसले, आणि गप्प बसलेला नवरा पाहून वैजयंती आणखीच घाबरली.

"किल्ली द्या. मी चालवते."

ही मात्र खरोखर छातीत कळ यायची वेळ होती. बाबांच्या सीटवर बसून रामटेके डोळे मिटून वाट बघत राहिले. आता ती चाक वळवणार, वळणार नाही, आणि बिंग फुटणार. पण वैजयंतीने गाडी जरा सरकू दिली आणि चालता चालता चाक फिरवलं. दोन खांबांमधून ती एका दमात बाहेर आली. तीन आठवड्यांत हे रामटेक्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

"जड लागतंय का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्ही बोलू नका. श्वास घ्या."

हॉस्पिटलात त्यांच्या छातीला वायरी लावल्या, रक्त काढलं, पुन्हा काढलं, आणि एकदा झोपवलं आहे तर सोमवारपर्यंत राहू द्या म्हणाले. रविवारी वैजयंती भेटायची वेळ टळून गेल्यावर आली. "शाळेत पेपर तपासायचे होते," ती म्हणाली. तिच्या अंगठ्यावर काळा डाग होता. रविवारी कसले पेपर, हे विचारायचं रामटेक्यांना सुचलं नाही. आपल्या काळजीने तिची काय दशा झाली आहे, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. सांगून टाकू, असं ओठांवर आलं होतं. पण डोळ्यांपुढे बाबांचं कोपर आलं आणि ते पाणी प्यायले.

सोमवारी डॉक्टर हसत आले. "हार्ट फर्स्ट क्लास है. बस कंधों में खिंचाव है. आप वजन उठाते हैं क्या?"

"नहीं नहीं. डेस्क जॉब है."

वैजयंती खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रामटेके मेट्रोने ऑफिसातून आले, वैजयंतीने गेटपाशी लावून ठेवलेली गाडी सरळ खांबांपर्यंत आणली, दात आवळले आणि चाकाला हात घातला. चाक लोण्यातून सुरी जावी तसं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. एका हाताने. मग दोन बोटांनी. त्यांची छाती भरून आली. तीन आठवड्यांची मेहनत आणि तीन दिवसांची विश्रांती. बाहूंत बळ येणारच!

समोरचे ग्रोव्हरसाहेब बघत उभे होते. "रामटेकेजी, कमाल! बिना पॉवर के?"

हे गुपित गेल्याच आठवड्यात, वैजयंतीला न सांगण्याच्या अटीवर, त्यांनी ग्रोव्हरना सांगितलं होतं. "प्रॅक्टिस, ग्रोव्हरजी. आजकल के लोगों के हाथों में जान नहीं रही. रुकिए, आपको पंप ही दिखाता हूं. तेरा साल ये बोझ फालतू ढो रहे थे."

ते धावतच वर गेले. वैजयंती स्वयंपाकघरात होती. त्यांनी हलकेच बाल्कनीत जाऊन कुंडीमागचं गाठोडं काढलं. वर्तमानपत्र तेच, सुतळी तीच. गाठ मात्र निराळी होती, पेपरांच्या गठ्ठ्याला मारतात तशी. त्यांनी ती सोडवली.

आत घरचा वरवंटा होता.

रामटेके तो हातात घेऊन कुंडीशेजारी तसेच बसले. मग त्यांना अंगठ्यावरचा काळा डाग आठवला. रविवारचे पेपर आठवले. लोण्यासारखं चाक आठवलं. गणितवाल्या बाईने जड स्टेअरिंग आणि दुखरे खांदे यांची बेरीज केली होती, गाठोड्यातल्या पावतीवरून फरीदाबाद गाठलं होतं, नवा रॅक घालून पंप परत जोडून घेतला होता, आणि एक अक्षर बोलली नव्हती. बोलली असती तर कलम तीन तिलाही लागू झालं असतं. तिने गाडी राहू दिली, म्हणजे बाबांच्या सीटचं तिला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, कोण जाणे.

खालून ग्रोव्हरसाहेबांची हाक आली. "रामटेकेजी, पंप? मैं भी अपनी गाडी का निकलवा देता हूं!"

रामटेक्यांनी कठड्यावरून वाकून सांगितलं, "पंप तो कबाडी ले गया. और आप मत निकलवाइए, ग्रोव्हरजी. सबके बस की बात नहीं है."

मग त्यांनी वरवंटा त्याच घड्यांत गुंडाळला, सुतळीला तिच्यासारखीच गाठ मारायचा प्रयत्न केला आणि गाठोडं कुंडीमागे ठेवून हात धुऊन जेवायला बसले.

श्रावस्ती ओट्याखाली वाकून शोधत होती. "मम्मी, तो चटणीचा दगड कुठे गेला? पाटा आहे, वरचा नाहीये."

"असेल कुठेतरी," वैजयंती म्हणाली आणि तिने रामटेक्यांच्या ताटात जवसाची चटणी वाढली. "मिक्सरमधली आहे आज. चालेल ना?"

रामटेक्यांनी घास घेतला. हात अगदी अलगद वर गेला.

"चालेल काय, उत्तम झालीये," ते म्हणाले. "उगाच हाताने कशाला वाटायची? खांदे दुखतात."