भुंग्याच्या मस्तकावरील मोहिमेची हकीकत

थोर मुलखांवर मोहिमा होतात, त्यांची वर्णने लिहावयास लेखण्या पुष्कळ. ही मोहीम लिंबाएवढ्या मुलखावर जाहली, परंतु श्रम पातशाही जिंकण्याचे पडले, सबब जैसे घडले तैसे लिहोन ठेवितो.

भुंग्या नामे श्वान, रंग काळा, मिजास सरदाराची, मुक्काम प्रयोगशाळेतील संगणकवाल्या बाईंचे तीर्थरूपांचे घरी. तीर्थरूपांनी उभी हयात टपाल वाटोन समस्त श्वानजातीशी वैर केले आणि उतारवयी एका श्वानास जीव लाविला. बाईंच्या मातोश्री निवर्तल्यापासोन मनुष्यांशी हूं की चूं नाही आणि भुंग्याशी मात्र सकाळ-संध्याकाळ मसलत चाले. ऐशा भुंग्यास झटक्यांनी घेरिले. चालता चालता कोसळावे, पाय झाडावे आणि शुद्धीवर येता तीर्थरूपांवरच गुरगुरावे, जणू कोणी परका घरात शिरला. औषधांच्या फौजा पाठविल्या, त्या शिकस्त खावोन परतल्या.

मग पशुवैद्य डॉक्टरांनी मस्तकाचा एमआरआय काढविला आणि फर्माविले की, गनीम मेंदूत दडला आहे, परंतु नजरेस पडत नाही. ठिकाण दाखवाल तर शस्त्र चालवू, न दाखवाल तर जनावर जिवंत ठेवणे हाच जुलूम होईल. तीर्थरूपांनी ऐकोन घेतले आणि भुंग्याचा पट्टा मुठीत घट्ट धरिला.

बाईंचे पदरी एक बलाढ्य संगणकप्रणाली होती. मनुष्याचे मस्तकाचे चित्र द्यावे, मग तिने कवटी सोलोन मेंदू वेगळा काढावा आणि निरोगी मेंदूचे नकाशाशी ताडोन खोट कोठे ते सांगावे, ऐसा लौकिक. बाईंनी तीस भुंग्यावर रवाना केले. प्रणाली दिमाखात शिरली आणि जबड्याचे मांस हाच मेंदू समजोन तिने जतन केले आणि खरा मेंदू कचरा म्हणोन फेकोन दिला आणि वर दाखला दिला की, रुग्ण मनुष्य, वय नव्वदीपार, स्मृती गेलेली. हे वर्तमान कळता तीर्थरूप बहुता दिवसांनी हसले.

"त्याचं सगळं डोकं खाण्यात आहे, हे मी फुकट सांगितलं असतं," म्हणाले.

बाईंचे सोबती चष्मेबहाद्दर, आकडेशास्त्रात पटाईत, त्यांनी मसलत दिली की मनुष्याचा नकाशा श्वानास लावणे म्हणजे आजोबांचा कोट तान्ह्यास घालणे. मग डॉक्टरांकडोन निरोगी श्वानांची चित्रे मागविली आणि लांब तोंडाचे, चपट्या तोंडाचे, सर्व मिळवोन श्वानाचा नवा नकाशा सिद्ध केला आणि जबड्यास मेंदूचे राज्यातोन हद्दपार केले.

तरी एक घोर प्रसंग उरला. यंत्रात मनुष्य उताणा निजतो. श्वान निजतो पालथा, पंजे पुढे पसरोन. प्रणालीस हे कोणी सांगितले नव्हते, तिने हनुवटीस टाळू मानिले. चष्मेबहाद्दरांनी एक कळ दाबोन चित्र वरचे खाली केले, टाळू टाळूचे जागी आली आणि प्रयोगशाळेत जयजयकार होवोन चहा जाहला. प्रणालीने गनीम दाखविला: वाटाण्याएवढी गाठ, डावे अंगी. डॉक्टरांचा हुकूम सुटला की दुसरे दिवशी डावी बाजू उघडावी.

त्या सकाळी भुंग्यास दवाखान्यात पोहोचविले. तीर्थरूप दारात थांबले.

"डावीच ना गं? नक्की?"

"नक्की, बाबा."

शब्द तोंडातोन सुटला मात्र, बाईंचे मनी त्या पालटलेल्या चित्राची शंका आली. तडक प्रयोगशाळेत आल्या आणि फरशीवर हनुवटी टेकवोन पालथ्या पडल्या. चष्मेबहाद्दर हातातील कपासकट गारठले.

"बाई, चक्कर आली का? पाणी आणू?"

"पाणी नको. माझा उजवा हात कुठल्या बाजूला आहे?"

"खिडकीच्या."

बाईंनी कूस वळविली आणि उताण्या जाहल्या. "आणि आता?"

"दाराच्या," म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. चित्र असेच कुशीवरोन वळवावयाचे होते. त्यांनी आरशात पालटावे तैसे पालटिले होते. टाळू सुधारली, परंतु डावे-उजवे उलटेच राहिले.

तरी खात्री पाहिजे. चित्र काढिते समयी भुंग्याचे उजवे कानशिलावर खुणेसाठी माशाच्या तेलाची गोळी चिकटविली होती, ती चित्रात पांढरी दिसते. प्रणालीने कवटीसोबत तीही फेकोन दिली होती, म्हणोन कोणाचे ध्यानी नव्हती. मूळ चित्र उघडिले, तीच कळ दाबिली, तरी उजवे कानशिलाची गोळी डावे अंगीच दिसे. म्हणजे गनीम उजवे अंगी. बाईंनी डॉक्टरांस फोन लाविला.

"डॉक्टर, थांबा! उजवी बाजू!"

"अहो, डावी भादरून झाली!"

"केस येतील परत. उजवी भादरा!"

मग उजवी बाजू उघडिली, आणि नकाशाने नेमिले तेथेच गनीम सापडला आणि समूळ काढिला. भुंग्या जागा जाहला तो दोही अंगे भादरलेला, डॉक्टरांवर गुरगुरला, चष्मेबहाद्दरांवर गुरगुरला, बाईंवरही गुरगुरला. मग तीर्थरूप आत आले आणि त्यांनी बोट पुढे केले. भुंग्याने त्यांचे बोट हुंगिले, बहुत वेळ हुंगिले, आणि हनुवटी त्यांचे तळहाती टेकविली.

"ओळखलं गं," तीर्थरूप म्हणाले. "ओळखलं मला." बाई भिंतीकडे तोंड करोन रडल्या. लिहिणाराचेही डोळे भरोन आले, ते लपवीत नाही.

येणेप्रमाणे लिंबाएवढा मुलूख फत्ते जाहला. गनीम बरणीत कैद. प्रणालीस ताकीद जाहली की रुग्ण उताणा की पालथा हे प्रथम विचारावे. आणि तीर्थरूप ते भुंग्याचे कानाशी वाकोन सकाळपासोनची सर्व हकीकत त्यास सांगत बसले.