बॅग कोणी भरली?

आमच्या डेअरीत इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय दूध घेतलं जात नाही. आटपाडीकडचं आमचं गाव. सकाळी रांग लागते आणि मापाशी सुभेदार बसतात. फौजेतून निवृत्त होऊन आले तेव्हापासून गावाचं दूध त्यांच्याकडे आणि इंग्रजीही त्यांच्याचकडे. "बोला, स्टबर्न म्हंजे?" परवा एक जण म्हणाली, "आमच्या सासूबाई." सुभेदारांनी मान डोलावली. "करेक्ट. वता दूध."

घरच्या म्हशीचं दूध घालायला मीही रांगेत असतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवतो, म्हणून मला मुद्दाम अवघड शब्द येतात. चुकलो की मागे किटली घेऊन उभी असलेली माझीच विद्यार्थिनी खुसखुसते.

सुभेदारांचा खरा जीव मात्र मायसेल्फ, युवरसेल्फ, हिमसेल्फ या घराण्यावर. "आय मायसेल्फ लॉक द डेअरी मायसेल्फ," ते एकदा म्हणाले. एक मायसेल्फ पुरतं, असं मी भीतभीत सुचवलं.

"सर, कुलूप लावल्यावर वडून बघत न्हाई व्हय तुमी?"

मी किटली उचलून दूध ओतलं.

यंदा त्यांच्या लेकीचं ऑस्ट्रेलियात बाळंतपण आलं. घरात चार म्हशी, तेव्हा दोघांपैकी एकालाच जाता येणार. जायचं ठरलं त्यांच्या पत्नीचं, हौसाकाकूंचं, तेही सहा महिन्यांसाठी. काकू विट्याच्या पुढे कधी एकट्या गेल्या नव्हत्या. त्यांनी हायच खाल्ली. "मला न्हाई जमायचं. तितं कुणी काय इचारलं तर?" लेक तिकडे रडकुंडीला आलेली.

मग सुभेदारांनी महिनाभर दुधाच्या रांगेचं विमानतळ करून टाकलं. "हू पॅक्ड धिस बॅग?" ते साहेबी आवाजात विचारायचे. किटली पुढे करत प्रत्येकीनं म्हणायचं, "आय पॅक्ड इट मायसेल्फ." काकू शेजारी कॅन धूत ऐकत असायच्या. समोर बसवून शिकवायला गेलं की त्यांना घाम फुटायचा. कॅन धुता धुता मात्र सगळं पाठ झालं.

निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेलो. सुभेदारांनी बॅग फौजी शिस्तीत भरून, कुलूप घालून, वर दोरी आवळून ठेवली होती. शेवटची उजळणी चाललेली. काकू मध्येच अडल्या.

"आवं, पण बॅग तर तुमी भरलीया. परक्या मुलखात पाय टाकल्या टाकल्या खोटं बोलू व्हय?"

सुभेदार उठले. दोरी सोडली, कुलूप काढलं आणि सगळी बॅग पलंगावर उपडी केली. नऊवारी साड्या, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, सगळा पसारा. "भर. युवरसेल्फ." काकू दीड तास भरत होत्या आणि हे गृहस्थ हात मागे बांधून उभे. लाडवांवर साडी दाबलेली त्यांना बघवेना, पण बोट म्हणून लावलं नाही.

काकू सुखरूप पोचल्या. विमानतळावरच्या साहेबानं विचारलंच, आणि काकूंनी ठणकावून उत्तर दिलं. सुभेदारांनी ही हकिगत अख्ख्या रांगेला ऐकवली. वर पेढेही वाटले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझं दूध काही न विचारता घेतलं. मागच्यांचंही तसंच. मी थांबून तब्येत विचारली. ते बिनधुतल्या कॅनकडे बघत होते.

"सर, गडबडीत जायाचंच तेवढं शिकवलं बघा," ते हळूच म्हणाले. "परत यायला निघंल तवा तिला काय इचारतील?"