दोन ऑइल सील आणि एक जावई

हेडक्लार्कांनी सासुरवाडीच्या जेवणाच्या टेबलावर एकच वाक्य उच्चारलं आणि पुढचा आठवडाभर ते वाक्य त्यांच्या मानगुटीवर बसून राहिलं. वाक्य तसं साधंच होतं: "त्यात काय, सील बदललं की झालं. अर्ध्या तासाचं काम आहे."

विषय सासऱ्यांच्या ट्रॅक्टरचा होता. ट्रॅक्टर हेडक्लार्कांच्या बायकोपेक्षा दोन वर्षांनी मोठा. (म्हणजे नक्की किती वर्षांचा, हे विचारायची त्या घरात सोय नव्हती.) इंजिन अजून ठणठणीत होतं, पण मागच्या दोन्ही चाकांच्या आतून तेल गळायचं. ते ब्रेकवर उतरायचं, आणि मग ब्रेक कितीही दाबला तरी ट्रॅक्टर त्याच्या मनाला येईल तिथेच थांबायचा. शेवटचा थांबला तो सासूबाईंच्या गुलाबांत. मेहुण्यानं जेवता जेवता सांगून टाकलं, की येत्या रविवारी भंगारवाला येतोय, एकदाची शेड मोकळी होईल.

सासरे ताटाकडे बघत राहिले. बायकोनं हातातला घास खाली ठेवला. ती बोलली काहीच नाही. आणि ती बोलत नाही तेव्हा प्रकरण गंभीर असतं, एवढं हेडक्लार्क पंचवीस वर्षांच्या संसारात शिकले होते. त्याच ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून ती शाळेत गेली होती आणि त्याच्याच सीटवर बसून स्टीअरिंग धरायला शिकली होती.

तर तेवढ्यात ते वाक्य तोंडून निसटलं. 'सील' हा शब्द त्यांना ऑफिसमुळे घरचा वाटायचा. तिथे सील म्हणजे गोल शिक्का, आणि तो बदलायला खरंच अर्धा तास पुरतो. (मंजुरी यायला आठ महिने लागतात, ते वेगळं.) मेहुणा खो-खो हसला. बायकोनं मात्र मान वर करून त्यांच्याकडे अशा काही नजरेनं पाहिलं, जसं तिनं याआधी एकदाच, लग्न ठरताना, पाहिलं होतं, आणि तेव्हा तिनं चष्मा लावलेला नव्हता. अशा नजरेनंतर माघार घेता येत नाही.

बुधवारपासून त्यांनी रजा टाकली. अर्जात कारण लिहिलं, 'कौटुंबिक गळती'. वाटेत एका मिस्त्रीला गाठून सील म्हणजे काय हे त्यांनी समजून घेतलं. चाकाचा दांडा फिरतो, त्याच्याभोवती रबराची कडी बसलेली असते, तेल आतल्या आत राहावं म्हणून. रबर कडक झालं की तेल बाहेर येतं. मिस्त्री म्हणाला, सोपं आहे, फक्त आधी तेल काढून घ्या.

तेल काढून घ्यायला हेडक्लार्कांनी बादली लावली. त्यांच्या मते ट्रॅक्टरमध्ये साधारण बादलीभर तेल असावं. त्यांनी खालचं बूच फिरवलं, ते सुटून थेट बादलीच्या तळाशी गेलं आणि त्यापाठोपाठ काळ्याभोर तेलाची धार सुरू झाली. बादली भरली. धार भरात होती. दुसरं काही सुचेना म्हणून त्यांनी भोकात अंगठा घातला आणि बायकोला हाक मारली.

तिनं घरातली भांडी आणायला सुरुवात केली. दुसरी बादली, मोठं पातेलं, कपडे भिजवायचं घमेलं, मेहुण्याचा जेवणाचा डबा. एक भरलं की हेडक्लार्क अंगठा घालणार, दुसरं लावलं की काढणार. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या, पण तोवर कुकर गेला होता.

नेमका त्याच वेळी भंगारवाला माल बघायला आला. रविवार दूर होता, पण जाता जाता नजर टाकावी म्हणाला. ट्रॅक्टरखाली पाठीवर पडलेल्या, अंगठा वर रोवलेल्या माणसाला त्यानं मालक समजून नमस्कार केला. हेडक्लार्कांनी ऑफिसातल्या आवाजात त्याला सांगितलं, की या बाबतीत अद्याप निर्णय झालेला नाही, आपण रविवारी यावं. नमस्काराला नमस्कार करावा म्हणून त्यांनी सवयीनं दोन्ही हात जोडले. पुढचं भंगारवाल्यानं चार पावलं मागे सरून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी चाकं निघाली. त्यांनी प्रत्येक नटाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधली: 'मागील उजवे, नट क्रमांक ३, किंचित नाराज'. बायको पाने हातात देत होती आणि अधूनमधून भोळेपणानं काहीतरी विचारत होती. अहो, जॅकखाली फळी लागते का हो? अहो, हा नट उलटा फिरत असेल का? हेडक्लार्क क्षणभर विचार करायचे आणि तेच म्हणणार होतो, असं म्हणून फळी घालायचे. संध्याकाळपर्यंत आपल्यात उपजत यांत्रिक बुद्धी आहे आणि खात्यानं ती वाया घालवली, अशी त्यांची खात्री झाली.

शुक्रवारी बायको वडिलांना डोळे तपासायला घेऊन गेली आणि इकडे हेडक्लार्कांनी एकट्यानं दोन्ही नवी सीलं बसवली. सीलला एका अंगाला सुरेख, चकचकीत स्प्रिंग होती. एवढी देखणी बाजू आत कशाला लपवायची, म्हणून त्यांनी ती बाहेर ठेवली. चाकं चढवली, तेल भरलं आणि हात पुसत मागे वळले, तर पूर्वी थेंब थेंब पडायचं तिथे आता चक्क ओघळ लागला होता.

बायको परत आली तेव्हा ते शेडमध्ये उलट्या घमेल्यावर बसले होते. तिनं वाकून पाहिलं आणि हळूच विचारलं, "अहो, स्प्रिंगची बाजू तेलाकडे असते ना?"

या वेळी त्यांना 'तेच म्हणणार होतो' म्हणता आलं नाही.

तिनं पदर खोचला. (या वेळी भांडी आधीच ओळीनं मांडली होती, सासूबाईंनी स्वतः.) चाक काढलं, दांडा ओढला, छिन्नीचे दोन ठोके घातले आणि उलटं सील तिच्या हातात आलं. हेडक्लार्क बघतच राहिले. "हे तुला कुठून येतं?"

"बाबांनी शिकवलंय. सोळा वर्षांची असताना मीच बदलली होती ही सीलं."

"मग आधी बोलली का नाहीस?"

तिनं छिन्नी पुसली. "तुम्ही आपणहून काहीतरी करतो म्हणालात, लग्नानंतर पहिल्यांदाच. मोडावंसं वाटलं नाही मला."

हेडक्लार्कांनी बाहीनं डोळे पुसले. ते तेलही असू शकेल, पण त्यांना तसं वाटलं नाही.

एकदा काढलेलं सील पुन्हा वापरता येत नाही, म्हणून पहिली जोडी घेतली होती त्याच दुकानात ते पळाले. दुकानदारानं त्यांना दारातून येताना पाहिलं आणि न विचारताच दुसरी जोडी काउंटरवर ठेवली. पहिल्यांदाच सील बदलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तो दोन जोड्या मागवत असे. शनिवारी दोघांनी मिळून ती बसवली. ती ठोकळा धरायची, ते हातोडी मारायचे. एकदा ठोकळ्यावर, एकदा स्वतःच्या बोटावर.

रविवारी सगळे शेडसमोर जमले. भंगारवाला टेम्पो घेऊन आला होता. बायको सीटवर चढली, इंजिन दोनदा खोकलं आणि धडधडायला लागलं. तिनं अंगणाला तीन फेऱ्या मारल्या, गुलाबांपासून बरोबर हातभर अंतरावर ब्रेक दाबला, आणि ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला. सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. हेडक्लार्कांनी दोन्ही चाकांखाली कोरी वर्तमानपत्रं अंथरली, आपल्या हातानं तेल पुन्हा तपासून बाटलीतून थोडं वर घातलं, आणि मंडळी चहा घेऊन वाट बघत बसली.

चहा संपला. मेहुणा उजव्या चाकापाशी वाकला आणि त्याचा चेहरा उजळला. कागदावर एक टपोरा थेंब होता.

हेडक्लार्क घाईनं डाव्या चाकाकडे गेले. तिथला कागद कोरा होता. ते वाकून बघत असतानाच तिथेही एक थेंब पडला. भंगारवाला टेम्पोचा फाळका उघडायला निघाला.

"थांबा जरा," बायको म्हणाली. ती थेंबाकडे नाही, नवऱ्याकडे बघत होती. तिनं त्यांना फाटकापर्यंत चालत जाऊन परत यायला सांगितलं. ते गेले आणि आले. त्यांच्यामागे फरशीवर थेंबांची एक रांग फाटकापर्यंत गेली आणि दुसरी परत आली. पँटच्या मागच्या खिशात तेलाची बाटली होती. तिचं झाकण त्यांनी स्वतः लावलं होतं.

आठवडाभर एक शब्द न बोललेल्या सासऱ्यांनी कप खाली ठेवला.

"ट्रॅक्टर ठीक आहे," ते म्हणाले. "जावयाचं सील गेलंय."

सगळं अंगण हसलं. बायको तर स्टीअरिंगवर डोकं टेकून हसत होती. रिकाम्या हातानं परत जायचं जिवावर आलं असेल म्हणा, भंगारवाल्यानं निघण्यापूर्वी हेडक्लार्कांकडे एकदा खालपासून वरपर्यंत, वजनाचा अंदाज घेत पाहिलं, आणि मान हलवून तो टेम्पोत जाऊन बसला.